काढलेले फ्लोराइड जाते कुठे?

नागपूरच्या नीरी या संस्थेचे नाव निघाले की सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बहुधा एक ओळ सापडते : पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड काढण्याचे ‘नलगोंडा तंत्र’ या संस्थेने विकसित केले. पाठोपाठ तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ही तीन नावे येतात. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि पाण्यातील फ्लोराइडचा प्रश्न आता सुटला आहे, अशी समजूत करून घेतात. पाठांतराबद्दल किंवा गुणाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या समजुतीबद्दल.

नीरीच्या शास्त्रज्ञांनी १९७५ च्या सुमारास हे तंत्र प्रसिद्ध केले. त्याला आता पन्नास वर्षे झाली. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे तंत्राचेही करता येते आणि एवढ्या काळानंतर ते करायलाही हवे. पाण्यातून रसायन काढणाऱ्या कोणत्याही पद्धतीला आम्ही चार प्रश्न विचारतो. ती किती काढते? काढताना पाण्यात नवे काय टाकते? काढलेले कुठे जाते? आणि हे काम रोज कोण करणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत मिळते. उरलेल्या तिन्हींबद्दल बहुधा कोणी विचारत नाही.

स्वच्छ दिसणारे पाणी

फ्लोराइड पाण्यात येते ते मुख्यतः खडकातून. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या जुन्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. भूजल अशा खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरत राहिले की त्यातील थोडे फ्लोराइड विरघळते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही, कारण कॅल्शियम फ्लोराइड जवळजवळ अविद्राव्य आहे. उलट कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त अशा अल्कधर्मी पाण्यात फ्लोराइड चढत जाते. असे पाणी चवीला वाईट नसते, नितळ असते आणि त्याला वासही नसतो.

नागपूर शहर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची; शहराच्या पूर्वेकडे मात्र जुना नाइस खडक लागतो. विदर्भाचा पूर्वभाग, यवतमाळ-चंद्रपूरकडचे काही तालुके आणि नांदेड जिल्ह्यातील किनवटचा परिसर येथील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरींचा मोठा कार्यक्रम झाला. उघड्या विहिरीतल्या जंतूंपासून आणि नारूपासून सुटका व्हावी हा त्यातला एक चांगला हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. पण खोल खडकातले पाणी वर आले तेव्हा काही ठिकाणी त्याबरोबर फ्लोराइडही वर आले.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी सतत पोटात गेले की कायमच्या दातांचे इनॅमल घडतानाच बिघडते. दातांवर खडूसारखे पांढरे डाग, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. आठ-नऊ वर्षांपर्यंत जे बिघडले ते ब्रशने किंवा दंतमंजनाने निघत नाही. त्याहून बरेच जास्त प्रमाण बरीच वर्षे पोटात जात राहिले तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. भारतात या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. खरा उपचार एकच, आणि तो पाण्यातच आहे. पाणी उकळण्याचाही येथे उपयोग नाही. उकळताना पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यातले फ्लोराइडचे प्रमाण किंचित वाढतेच.

तीच तुरटी, दहापट मात्रा

आता तंत्राकडे वळू. नीरीची स्थापना १९५८ साली नागपुरात झाली. तेव्हा तिचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असे होते. १९७४ साली ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आणि २०१४ पासून तेलंगणात असलेला नलगोंडा जिल्हा फ्लोरोसिससाठी कुप्रसिद्ध होता. तंत्राला नाव त्या जिल्ह्याचे मिळाले.

त्यामागचे रसायनशास्त्र शाळेतल्या विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. जलशुद्धीकरण केंद्रात वापरतात ती तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. न्हाव्याकडे असते ती पोटॅश तुरटी, तिच्यातही कामाचा घटक ॲल्युमिनियमच. ही तुरटी अल्कधर्मी पाण्यात टाकली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पांढरे, जेलीसारखे पुंजके तयार होतात. गढूळ पाण्यात हे पुंजके मातीचे कण गुरफटून घेतात आणि तळाशी बसतात. फ्लोराइडचे आयनही या पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर खाली जातात. चुन्यामुळे पाणी आम्लधर्मी होत नाही आणि पुंजके लवकर बसतात; ब्लीचिंग पावडर जंतूंसाठी. घरगुती रीतीत चाळीस लिटरच्या बादलीत ही रसायने घालून पाणी ढवळतात, तासभर निवू देतात आणि तळापासून थोड्या उंचीवर बसवलेल्या तोटीतून वरचे पाणी काढून घेतात.

म्हणजे आजी माठात फिरवत असे तीच तुरटी इथे कामाला येते. मग फरक कुठे पडतो? मात्रेत. गढूळपणा निवळायला दर लिटरला साधारण १० ते ५० मिलिग्रॅम तुरटी पुरते. फ्लोराइडसाठी ती कमीत कमी दीडशेच्या आसपास लागते आणि फ्लोराइड जास्त असेल तर हजार मिलिग्रॅमच्याही वर जाते. मातीचा कण मोठा असतो, पुंजक्यात सहज अडकतो. फ्लोराइडचा आयन सुटा, विरघळलेला असतो. त्याला पकडायला पुंजक्यांचा पुष्कळ पृष्ठभाग लागतो. शिवाय पाणी जितके अल्कधर्मी तितकी तुरटी जास्त लागते, कारण हायड्रॉक्साइडचे आयन त्याच जागांसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करतात. फ्लोराइडचे पाणी बहुधा अल्कधर्मीच असते हे आपण वर पाहिले. म्हणजे गरज जिथे सर्वांत मोठी, तिथेच तंत्र सर्वांत महाग पडते. निरीक्षणांवरून नीरीने मात्रेचे कोष्टकच तयार केले : एका बाजूला पाण्यातले फ्लोराइड, दुसऱ्या बाजूला अल्कता, आणि छेदाच्या चौकोनात तुरटीची मात्रा. हे कोष्टक म्हणजे तंत्राचा गाभा होय. पाठ्यपुस्तकी ओळीत तीन रसायनांची नावे राहिली आणि कोष्टक गळून पडले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर देता येते. योग्य मात्रा दिली आणि पाण्यात इतर क्षार फार नसले तर हे तंत्र लिटरमागचे चार-पाच मिलिग्रॅम फ्लोराइड मर्यादेपर्यंत खाली आणते. एकूण विद्राव्य क्षार लिटरला १,५०० मिलिग्रॅमच्या वर असतील तर मात्र ते वापरू नये, असे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले होते. आपल्या तंत्राची मर्यादा स्वतःच छापून देणे हा प्रामाणिकपणा आहे आणि त्याचे श्रेय संस्थेला दिले पाहिजे.

एक काढताना दुसरे टाकणे

आता दुसरा प्रश्न. एक हिशेब करू. दहावीचा विद्यार्थी तो फळ्यावर करू शकेल. पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि अल्कता मध्यम आहे असे धरू. तुरटी लागेल साधारण ५०० मिलिग्रॅम. स्फटिकजलासह ॲल्युमिनियम सल्फेटचा रेणुभार ६६६; त्यात सल्फेटचा वाटा २८८. म्हणजे ५०० मिलिग्रॅम तुरटीतून सुमारे २१६ मिलिग्रॅम सल्फेट पाण्यात उतरते आणि तिथेच राहते. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ४००. मूळ पाण्यात सल्फेट मुळीच नसले तरी पहिली मर्यादा एकट्या तुरटीने ओलांडली. हजार मिलिग्रॅम तुरटी टाकावी लागली तर दुसरीही ओलांडली जाईल. सल्फेट फ्लोराइडइतके घातक नाही हे खरे. पण प्रमाण वाढले की पाण्याला चव येते, पोट बिघडते, आणि चव आली की लोक ते पाणी सोडून जुन्या हातपंपाकडे वळतात.

ॲल्युमिनियमचे काय? त्याच ५०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम, नाइलाज असेल तर ०.२. टाकलेल्या ॲल्युमिनियमपैकी ९९.५ टक्के तळाशी बसले तरी उरलेला अर्धा टक्का ०.२ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे आपण नेमके काठावर येतो. पाणी थोडे आम्लधर्मी झाले किंवा पुंजके नीट बसायच्या आधीच तोटी उघडली तर काठ ओलांडला जातो. काही ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड एकमेकांशी बांधले जाऊन विरघळलेलेच राहतात. तेही वरच्या नितळ पाण्यातून भांड्यात येतात. म्हणून या तंत्रात गाळणीला आणि वेळेला फार महत्त्व आहे. घाईत केलेली बादली फ्लोराइडही पुरते काढत नाही आणि ॲल्युमिनियमही सोडून जाते.

तळाचा गाळ

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. रसायनशास्त्राचा पहिला धडा असा की मूलद्रव्य नाहीसे होत नाही. जंतू मारता येतात. फ्लोराइड मारता येत नाही. ते इथून तिथे नेता येते, एवढेच.

हजार वस्तीचे एक गाव घेऊ. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरले तर रोज १०,००० लिटर पाणी शुद्ध करायचे. लिटरला ५०० मिलिग्रॅमप्रमाणे तुरटी लागेल रोज ५ किलो, वर्षाला अठराशे किलोंहून अधिक. फ्लोराइड ४ वरून १ वर आणले तर रोज ३० ग्रॅम फ्लोराइड पाण्यातून निघेल. वर्षाला जवळजवळ ११ किलो. त्याच्याबरोबर कोरड्या हिशेबाने रोज एक किलोहून थोडे जास्त ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पण हा गाळ कोरडा नसतो. त्यात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणी असते, म्हणजे रोज ६० ते १२० लिटर पांढरट, बुळबुळीत गाळ तयार होतो.

हा गाळ जातो कुठे? टाकीशेजारी खड्डा असेल तर खड्ड्यात, नसेल तर नालीत. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर पावसात तेच फ्लोराइड पुन्हा जमिनीत झिरपण्याची भीती राहते. गाळ वाळवून, पाणी न झिरपणाऱ्या तळाच्या खड्ड्यात ठेवणे शक्य आहे. पण त्यासाठी जागा, खर्च आणि जबाबदार माणूस लागतो. तंत्र स्वस्त आहे असे म्हणताना हा खर्च कोणी धरत नाही. म्हणून ‘स्वस्त’ या शब्दाला आमचा आक्षेप आहे. रसायने स्वस्त आहेत असे म्हणावे. ते खरे आहे.

बारा वर्षांनी मिळणारी शिक्षा

चौथा प्रश्न माणसांचा. क्लोरीन टाकायला कोणी विसरले तर आठवड्या-दोन आठवड्यांत गावात हगवण दिसते. आरडाओरडा होतो, तपासणी होते, चूक सापडते. तुरटीची मात्रा चुकली तर उद्या काहीच होत नाही. पाणी तसेच नितळ, तसेच थंड. परिणाम दिसतो तो आज दोन वर्षांचे असलेले मूल सातवी-आठवीत जाते आणि हसताना तोंडावर हात धरू लागते तेव्हा. ज्या चुकीचा परिणाम दहा-बारा वर्षांनी दिसतो ती चूक रोज टाळत राहणे फार कठीण असते. त्यासाठी नियमित मोजमाप लागते. नलगोंडा तंत्रात मोजमाप आहेच : फ्लोराइड मोजा, अल्कता मोजा, तुरटी तोला, शुद्ध झालेले पाणी पुन्हा तपासा. चिमूटभर-मूठभर हिशेबाने ते चालत नाही. घरातली बाई दिवसभराचे काम उरकून रोज हे करील, असे गृहीत धरणाऱ्या योजना बंद पडल्या तर दोष तिचा कसा म्हणावा?

हे तंत्र टाकाऊ आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या काळात दुसरे काहीच हाताशी नव्हते त्या काळात किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंनी, विजेशिवाय, परदेशी यंत्राशिवाय फ्लोराइड कमी करता येते हे या संशोधकांनी दाखवून दिले. टांझानिया आणि इथिओपियातही ते वापरून पाहिले गेले. नीरीनेच पुढे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून पुंजके तयार करण्याच्या पद्धतीवर काम केले. त्यात सल्फेट पाण्यात पडत नाही. पण तिसरा प्रश्न तिथेही राहतोच.

आणि नलगोंड्यात शेवटी काय झाले? २०१६ पासून तेलंगणातील ‘मिशन भगीरथ’ योजनेतून नद्यांचे शुद्ध केलेले पाणी नळाने गावोगावी नेण्यात आले. ज्या जिल्ह्याच्या नावाने पाण्यातून फ्लोराइड काढायचे तंत्र ओळखले जाते, त्या जिल्ह्याने अखेर फ्लोराइड नसलेले पाणी आणण्याचा मार्ग धरला. या तंत्रावरचा याहून नेमका अभिप्राय आम्हाला देता येणार नाही.

हेच शहरात केले तर?

विद्यार्थी विचारतील, की शहरात मोठी यंत्रे आहेत, शिकलेले अभियंते आहेत. तिथे हे का करू नये? नागपूरचाच हिशेब घेऊ. शहराला रोज सहाशे दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी लागते. सहाशेच धरा. एवढ्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम तुरटी टाकायची म्हणजे रोज ३०० टन. दहा टनांचे तीस ट्रक. रोज सुमारे ७० टन कोरडा गाळ, आणि ओला धरला तर त्याच्या पन्नासपट-शंभरपट. शहरात माणशी १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात. त्यातले पोटात जाते ते फार तर दहा लिटर. उरलेले सव्वाशे लिटर पाणी फ्लोराइड काढून न्हाणीघरात, संडासात आणि अंगणात ओतायचे. असे कोणतेही शहर करीत नाही, आणि परवडले तरी करू नये.

मग नागपूरने काय केले? शहराने आपले पाणी अधिकाधिक दुरून आणले. आधी अंबाझरी, मग गोरेवाडा, मग कन्हान नदी आणि पुढे पेंच प्रकल्प. नदीचे आणि पावसाने भरलेल्या जलाशयाचे पाणी खडकाशी फार काळ लगटून नसते, म्हणून त्यात फ्लोराइड सहसा कमी असते. शहराच्या शुद्धीकरण केंद्रात हवा मिसळणे, तुरटीवर्गीय रसायनाने निवळणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन देणे या पायऱ्या होतात. त्या माती आणि जंतू यांच्यासाठी आहेत. विरघळलेले फ्लोराइड, नायट्रेट किंवा बोरॉन त्यांतून जसेच्या तसे पुढे जाते. म्हणजे रासायनिक दृष्टीने नागपूरच्या नळाचे पाणी जे चांगले आहे ते केंद्रातल्या यंत्रांमुळे तितके नाही, जितके नदी चांगली असल्यामुळे आहे.

म्हणूनच नदीची काळजी हा सौंदर्याचा किंवा धार्मिक भावनेचाच विषय राहत नाही. कन्हानच्या काठच्या पट्ट्यात कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आहेत; त्याच भागात कोलार आणि पेंच या नद्या कन्हानला मिळतात. कन्हानवरचे शहराचे पाणी उचलण्याचे ठिकाण या पट्ट्याच्या खालच्या अंगाला आहे. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असले तरी आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, फ्लोराइड अशी द्रव्येही अल्प प्रमाणात असतात आणि राख पाण्यात साठवली की त्यांतली काही पाण्यात उतरतात. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा लोंढा आजूबाजूच्या शेतांत आणि नाल्यांत पसरला. राखेचे दिसणारे कण वाळूच्या गाळणीत अडकतील. राखेतून विरघळलेले जे असेल ते अडकणार नाही. बंधारा नीट राखणे, राख कोरडी उचलून वीट-सिमेंटात वापरणे, नदीत जाऊ न देणे हेच शहराच्या पाण्याचे रासायनिक शुद्धीकरण होय. ते जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात होत नाही, म्हणून ते पुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही.

घरातला आर.ओ.

याच चार प्रश्नांवर घरगुती आर.ओ. यंत्रही तपासून पाहावे. किती काढते? भरपूर, फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही. काय टाकते? फारसे काही नाही, मात्र हवे असलेले क्षारही काढून टाकते. काढलेले कुठे जाते? जितके पाणी शुद्ध होते त्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यातून मोरीत, तिथून गटारात, आणि नागपुरात बहुधा नाग नदीत, पुढे कन्हानला आणि वैनगंगेला. रोज कोण करणार? वीज आणि ठरावीक काळाने पडदा बदलणारा दुकानदार. ज्या गावाच्या बोअरला फ्लोराइड आहे आणि नदीचे पाणी अजून पोहोचलेले नाही, तिथे हे यंत्र समजण्यासारखे आहे. ज्या घरात नदीचे, कमी क्षारांचे पाणी येते तिथे पाण्याच्या तपासणीचा कागद न पाहता ते बसवणे म्हणजे एक लिटरसाठी दोन-तीन लिटर वाया घालवणे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी अशा यंत्रांवर बंदी घालण्यास सांगितले होते, ते याच कारणाने.

वर्गात काय करता येईल

‘पाण्याचे शुद्धीकरण’ हा धडा शिकवताना गढूळ पाण्यात तुरटी फिरवून दाखवण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. त्याला एक छोटी जोड द्यावी. गढूळ पाण्यात आधी चमचाभर मीठ विरघळवा आणि मग तुरटीने पाणी निवळा. वरच्या नितळ पाण्याचे काही थेंब स्टीलच्या झाकणीवर घेऊन मंद आचेवर आटवा. शेजारी तेवढेच थेंब साध्या, मीठ न घातलेल्या निवळलेल्या पाण्याचे आटवा. पहिल्या झाकणीवर पांढरा थर उरेल. चव घेऊ देऊ नये. ‘पाणी स्वच्छ झाले का?’ या प्रश्नाला ‘कशापासून?’ असा उलट प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, तर प्रयोग साधला असे समजावे. वरच्या वर्गांत दोन मोजपात्रांत खाण्याचा सोडा घातलेले पाणी घेऊन एकात थोडी आणि दुसऱ्यात दहापट तुरटी टाकावी आणि तासाभराने तळच्या गाळाची उंची मोजावी. तिसरा प्रश्न मग तोंडी समजावून सांगावा लागत नाही.

ज्या शाळा बोअरच्या पाण्यावर आहेत तेथील शिक्षकांना आणखी एक विनंती. मुलांच्या पुढच्या दातांवरचे आडवे पांढरे-तपकिरी पट्टे डॉक्टरच्या आधी शिक्षकाला दिसतात. एकाच वस्तीतल्या अनेक मुलांना ते दिसले तर मुलांना दात घासण्याचा उपदेश करून थांबू नये. ती कोणत्या हातपंपाचे पाणी पितात ते विचारावे. काचेऐवजी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत त्या पंपाचा नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासणीस द्यावा. सोबत गावातल्या जुन्या, उथळ विहिरींचेही नमुने द्यावेत. पुष्कळदा एका बोअरला फ्लोराइड असते आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीला नसते. त्या विहिरीचा उपसा करून, कठडा बांधून, क्लोरीन देऊन ती पुन्हा वापरात आणता आली तर तुरटीचे एकही पोते लागणार नाही आणि गाळही उरणार नाही. नलगोंडा तंत्र त्यानंतरचे आहे : जवळपास दुसरे पाणीच नाही अशी खात्री झाल्यावर, कोष्टक हातात घेऊन आणि गाळाचा खड्डा आधी बांधून करायचे.